विटा भाजणाऱ्याच्या हातचें नाक



पुण्याहून नाशकास जाणाऱ्या सडकेवर, मीना नदीच्या कांठीं, नारायणगांव वसलें आहे. तमाशाच्या फडांचें माहेरघर म्हणून हें गांव साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक आहे. तेथें लहानपणीं पाहिलेल्या एका वगांतला सोंगाड्या अजून माझ्या डोळ्यांपुढें उभा राहतो. पाटलानें "आमचें नाक गेलें" म्हणून कपाळावर हात मारतांच तो घाईघाईनें स्वतःचें नाक चांचपूं लागला, आणि तें जागेवर आहे अशी खात्री पटल्यावर त्यानें असा सुटकेचा निःश्वास सोडला कीं सारा तंबू हंसला. मीही हंसलों. पुढें पुष्कळ वर्षांनीं एका जुन्या इंग्रजी मासिकांतील वृत्तान्त वाचनांत आला, तेव्हां त्या हंशाची थोडी लाज वाटली. ज्याचें नाक खरोखरच गेलें होतें अशा आपल्याच मुलुखांतील एका माणसाची, आणि त्याला तें परत देणाऱ्या दुसऱ्या माणसाची ती हकीकत आहे.

टिपू सुलतानाशीं इंग्रज, मराठे आणि निजाम यांनीं मिळून केलेलें युद्ध १७९२ च्या मार्चमध्यें श्रीरंगपट्टणच्या तहानें संपलें. त्या युद्धांत इंग्रजी लष्कराचे बैल हांकणारा कावसजी नांवाचा एक इसम टिपूच्या हातीं सांपडला. नांव पारशी वाटतें, परंतु वृत्तान्तांत तो शेतकरी वर्गांतील मराठा असल्याचें स्पष्ट म्हटलें आहे. साहेबाच्या कानानें मूळ नांवाचें काय केलें असेल याची कल्पना आपण करावी. टिपूच्या लोकांनीं त्याचें नाक आणि एक हात तोडून त्याला सोडून दिलें. नाक कापणें ही नुसती इजा नव्हे. तोंड दाखवावयास जागा राहूं नये, असाच या शिक्षेचा हेतु असतो. वर्षाहून अधिक काळ कावसजी तशा तोंडानें वावरला. गेलेला हात येणें शक्य नव्हतें. नाक मात्र १७९३ च्या मार्चच्या सुमारास पुण्याजवळ एका माणसानें त्याला नवें करून दिलें. हा माणूस वैद्य नव्हता, शास्त्री नव्हता. तो विटा भाजणाऱ्या जातीचा होता.

ही शस्त्रक्रिया मुंबई इलाख्याच्या सेवेंतील टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन डॉक्टरांनीं समक्ष पाहिली होती, म्हणून तिचा तपशील उरला. कारागिरानें प्रथम मेणाचा पातळ पत्रा घेऊन नाकाच्या खुंटावर बसविला व त्याला चांगल्या नाकाचा आकार दिला. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला आणि त्याच्या भोंवतीं रेघ ओढली. मेणाचें काम संपलें. रेघेच्या आंतील कातडी त्यानें सोडवून घेतली, पण सगळी नाहीं: दोन डोळ्यांच्या मध्यें एक अरुंद पट्टी त्यानें जोडलेलीच राखली. जुन्या जखमेचा व्रण खरवडून ताजा केला, नाकपुड्यांच्या कडेनें वरच्या ओंठापर्यंत चीर घेतली, आणि कपाळावरची ती कातडी अर्धा पीळ देऊन खालीं वळवून चिरेंत बसविली. सांध्यावर पाण्यांत कालविलेला कात लावलेल्या कापडाच्या पांचसहा पट्ट्या एकावर एक दिल्या. आपल्या पानाच्या डब्यांतला कात! चार दिवसांनीं त्या काढून तुपांत भिजविलेल्या घड्या ठेवल्या. रोग्याला पांचसहा दिवस उताणा निजवून ठेवला. दहाव्या दिवशीं नाकपुड्या मिटूं नयेत म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घातले, आणि सुमारें पंचविसाव्या दिवशीं ती मधली पट्टी कापली. भूल देण्याची विद्या जगांत रूढ व्हावयास अजून अर्धें शतक अवकाश होता, हें येथें विसरूं नये.

सारें मर्म त्या पट्टींत आहे, आणि तें समजण्यासाठीं मस्तकाची रचना थोडी पाहिली पाहिजे. मानेच्या दोन्ही अंगांस बोटांना जी नाडी लागते ती एक मोठी रोहिणी होय. कंठमण्याच्या सुमारास तिच्या दोन शाखा होतात. एक चेहऱ्याकडे जाते. दुसरी कवटीच्या तळांतील हाडाच्या बोगद्यांतून मेंदूकडे जाते. ही मेंदूकडे निघालेली शाखा वाटेंत डोळ्यासाठीं एक फांटा सोडते. त्या फांट्याची एक बारीक डहाळी खोबणीच्या आंतल्या, वरच्या कोपऱ्यांतून, भुंवईच्या आरंभाशीं बाहेर पडते आणि कपाळाच्या मध्यरेषेपासून पाऊण इंचाच्या आसपास सरळ वर चढते. चेहऱ्याच्या रोहिणीची नाकाच्या कडेनें आलेली शेवटची शाखाही तेथेंच तिला मिळते. म्हणजे कावसजीचें नवें नाक ज्या रक्तावर जगलें, तो मेंदूला पोसणाऱ्याच प्रवाहाचा एक ओघळ होता. पट्टी दुसरीकडे ठेवावी, किंवा पीळ फार घट्ट द्यावा, तर नाक काळें पडून गळून जावयाचें. कपाळाच्या स्नायूखालीं एक सैल थर असतो. त्याच्यामुळेंच आपल्याला भुंवया उंचावतां येतात, आणि त्याच्यामुळेंच ती कातडी सहज सुटून येते. तीन आठवडे उलटले म्हणजे नव्या जागेंतील सूक्ष्म रक्तवाहिन्या तिच्यांत शिरतात आणि पट्टीची गरज उरत नाहीं. आजचे शस्त्रवैद्यही ही पट्टी बहुधा याच सुमारास कापतात.

एक गंमत सांगून पुढें जातों. त्या पट्टींतून रोहिणीबरोबर कपाळाचा मज्जातंतूही येतो. त्यामुळें पट्टी कापेपर्यंत अशा नाकावर माशी बसली, तर रोग्याला ती कपाळावर बसल्यासारखी वाटते. कातडीनें जागा बदलली, तरी मेंदूच्या दप्तरांत तिचा पत्ता जुनाच असतो!

विटा भाजणाऱ्या माणसास हें ज्ञान कोठून मिळालें? प्रेत फाडून तो शिकला नसावा. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील सोळाव्या अध्यायांत तुटलेलें नाक जोडण्याचा विधि आहे. झाडाच्या पानानें माप घ्यावें आणि कातडी गालाची घ्यावी असें तेथें सांगितलें आहे. पुण्याच्या कारागिरानें पानाऐवजीं मेण घेतलें आणि गालाऐवजीं कपाळ. मला हा केवळ पाठांतराचा प्रकार वाटत नाहीं. गालावरचा व्रण उघडा राहतो, कपाळावरचा पागोट्याखालीं बराचसा झांकतो. आणि ती पट्टी नेमकी कोठें राखावी हें कळण्यापूर्वीं पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातून कांहीं नाकें वायां गेलीं असलीं पाहिजेत. मातीला किती पाणी सोसतें, कोठें तडा जातो, हें बोटांनीं ओळखणाऱ्याचें तें ज्ञान होतें.

जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार त्या वेळीं पुण्याच्या दरबारांत होता. त्यानें १७९४ च्या जानेवारींत कावसजीचें चित्र काढलें, आणि त्यावरून केलेल्या छापासह सारा वृत्तान्त त्याच वर्षीं ऑक्टोबरांत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्यें आला. युरोपांतही नाक करण्याची एक रीत पूर्वीं होती. इटलीच्या तालियाकोत्सीनें दंडाची कातडी नाकास जोडून हात आठवडेच्या आठवडे डोक्याशीं बांधून ठेवण्याची कृति १५९७ सालीं छापली होती. पण ती मागें पडली होती. पुण्याची बातमी वाचून जोसेफ कार्प्यू या शस्त्रवैद्यानें आधीं प्रेतांवर हात बसविला, आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजीं चेल्सी येथें एका लष्करी अधिकाऱ्यावर ती शस्त्रक्रिया केली. १८१६ सालीं त्याचें पुस्तक निघालें, १८१८ सालीं जर्मनींत ग्रेफेचें. कपाळावरून नाक करण्याची 'भारतीय पद्धति' या नांवानें ती पाश्चात्य ग्रंथांत स्थिर झाली. मुंबईस १८४५ सालीं ग्रँट मेडिकल कॉलेज निघालें तेव्हां आपल्या मुलांना ही विद्या भेटली असेल ती इंग्रजी पुस्तकांतून, सातासमुद्रांपलीकडची म्हणून.

त्याच पुण्यांत वेल्सजवळ काम करणारा गंगाराम तांबट नांवाचा चितारी होता. वेरूळच्या लेण्यांचीं त्यानें काढलेलीं चित्रें राहिलीं, म्हणून त्याचें नांव राहिलें. खंडाळ्याच्या नागफणीला तर ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या नाकावरून साहेबानें 'ड्यूक्स नोज' असें नांव देऊन टाकलें. कावसजीच्या हकीकतींत कावसजीचें नांव आहे, टिपूचें आहे, पाहणाऱ्या दोघां डॉक्टरांचें आहे. पत्र पाठविणाऱ्यानेंही 'बी. एल.' एवढीं आद्याक्षरें तरी लिहिलीं आहेत. ज्यानें मेण कपाळावर ठेवून रेघ ओढली, त्याच्याविषयीं तेथें दोनच गोष्टी आहेत: जात विटा भाजणाऱ्याची, आणि ठिकाण पुण्याजवळ.