परवलीच्या शब्दाची कुळकथा

परवलीचा शब्द म्हटला की गडाचा दरवाजा, मशालींचा उजेड आणि 'कोण आहे?' म्हणून दरडावणारा पहारेकरी डोळ्यांपुढे उभा राहतो. संगणकाच्या दारावरचा शब्दही अशाच कोणा शत्रूच्या धास्तीने जन्मला असावा, अशी माझी समजूत होती. एका प्रसंगाने ती मोडली. आमच्या शिक्षकांच्या खोलीत संगणक एकच. एका दुपारी संगणकावरची माझी बैठक, म्हणजे ज्याला सेशन म्हणतात ते, बंद न करताच मी तासाला धावलो. मागून आलेल्या सहकाऱ्याने, अगदी निष्पापपणे, परीक्षेचे वेळापत्रक माझ्या कादंबरीच्या नवव्या प्रकरणावरच लिहून ठेवले! प्रकरण गेले ते गेलेच. शत्रू कोणी नव्हता. एकाच पानावर दोघे जेवायला बसलो होतो, एवढेच. त्या हळहळीतच मी या कुलपाचा इतिहास शोधू लागलो, आणि त्याचा आरंभ नेमका याच अडचणीत सापडला.

१९६० च्या सुमारास संगणक म्हणजे खोलीभर पसरलेले, अतोनात महाग यंत्र. आपले गणित छिद्रे पाडलेल्या कार्डांवर उतरवायचे, ती कार्डे खिडकीत द्यायची आणि उत्तराची वाट पाहत तासन् तास बसायचे. एक छिद्र चुकले की पुन्हा पहिला पाढा. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर तोड काढली आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये तिचे प्रात्यक्षिक दाखविले. युक्ती पंगतीतल्या चपळ वाढप्याची होती. वाढपी एक, पाने अनेक. पण तो इतक्या झपाट्याने फिरतो, की प्रत्येकाला वाटावे, हा माझ्याच दिमतीला आहे!

पण पंगत आली की पाने निरनिराळी मांडणे आले. प्रत्येकाचे लेखन वेगळे, प्रत्येकाच्या वाट्याचा वेळ मोजका. म्हणून आत येताना 'लॉगिन' म्हणून नाव सांगायचे, मग परवलीचा शब्द. तो टंकताना यंत्र कागदावर छपाई करीत नसे. तेथून वेळ मोजला जाई, आणि 'लॉगआउट' म्हटले की बैठक मोडे.

कुलूप आले तशी चोरीही आली. ॲलन शेर या विद्यार्थ्याला आठवड्याला चार तास मिळत. त्याच्या प्रबंधाला ते पुरेनात. १९६२ मध्ये त्याने एका शुक्रवारी रात्री परवलीच्या शब्दांची यादीच छापण्याची विनंती कार्डावरून केली, आणि आज्ञाधारक यंत्राने ती छापून दिली! शनिवारी सकाळी यादी त्याच्या हातात. मित्रांनाही त्याने ती वाटली. पुढे १९६६ मध्ये तर चोराचीही गरज उरली नाही. दोन व्यवस्थापक एकाच वेळी काम करीत होते. एकाच्या हाती दिवसाची सूचना, दुसऱ्याच्या हाती शब्दांची यादी. दोघांच्या तात्पुरत्या कागदांचे नाव एकच! कागदांची अदलाबदल झाली आणि आत येणाऱ्या प्रत्येकापुढे सूचनेऐवजी सर्वांचे परवलीचे शब्द छापून येऊ लागले. माझ्या नवव्या प्रकरणाची ही थोरली बहीणच म्हणायची.

मग लोक शहाणे झाले. शब्द जसाच्या तसा ठेवायचाच नाही; दळून ठेवायचा. ज्वारीचे पीठ होते, पिठाची ज्वारी होत नाही. येणाऱ्याने सांगितलेला शब्द पुन्हा दळायचा आणि पिठाशी पीठ ताडून पाहायचे. युनिक्स प्रणालीतील ही रीत रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉम्पसन यांनी १९७९ च्या लेखात वर्णिली आहे. दोघांनी एकच शब्द निवडला तरी पीठ वेगळे दिसावे, म्हणून दळताना त्यात चिमूटभर 'मीठ' घालीत. हे नाव त्यांचेच! मिठाचे प्रकार ४,०९६. एवढे करूनही त्यांनी ३,२८९ शब्द तपासले, तेव्हा २,८३१ तोकडे किंवा सहज ओळखण्याजोगे निघाले. जाते उत्तम होते, धान्यच किडके.

कोर्बाटो २०१९ मध्ये निवर्तले. त्याआधी २०१४ मध्ये एका मुलाखतीत त्यांनी मोकळेपणे सांगितले, की इतके शब्द ध्यानात राहत नाहीत म्हणून आपणही कागदावर टाचण ठेवतो. जनकाचीच ही गत, तर आपण कोण?

नववे प्रकरण मी पुन्हा लिहिले. पहिल्यासारखे ते साधले नाही. आता मात्र घंटा झाली तरी आधी बैठक मोडतो आणि मगच उठतो. मागून येणाऱ्याला कोरे पान मिळावे आणि आपले झाकलेले राहावे, हा पंगतीचाच शिष्टाचार आहे.