साठ सेकंदांची बखर

इतिहास हा माझा विषय नव्हे. मी कॉमर्सचा माणूस. सनावळ्या माझ्या लक्षात राहतात त्या फक्त मुदत ठेवींच्या. तरीही आज मी बखर लिहायला बसलो आहे, आणि तीही विषाणूंची. पडसं-खोकल्याच्या नव्हे, कॉम्प्युटरच्या. कारण एवढंच, की या इतिहासातल्या एका लढाईला अस्मादिक जातीने हजर होते. आणि सपशेल हरले होते.

स्थळ : साताऱ्यातल्या आमच्या घराची बाहेरची खोली. काळ : मे २००४. मी नुकताच बँकेत चिकटलो होतो आणि पहिल्या वर्षाच्या शिलकीतून घरात कॉम्प्युटर आणला होता. आईने त्याला हळदकुंकू वाहिलं आणि जुन्या पडद्याचा अभ्रा शिवला. मी त्याचा उपयोग पत्ते खेळण्यासाठी करत असे. खरा उपयोग केला तो अण्णांनी. शाळेतून निवृत्त झालेले आमचे वडील रोज दुपारी उजव्या हाताच्या एका बोटाने आपल्या आठवणी टाइप करत. एका ओळीला पाच मिनिटं. 'ऱ्ह' सापडला नाही तर दहा.

त्या संध्याकाळी मी टेलिफोनची वायर कॉम्प्युटरला जोडून इंटरनेट सुरू केलं. थोड्याच वेळात पडद्यावर एक चौकट उगवली. 'एल्सॅस' नावाची सिस्टिम प्रोसेस अनपेक्षितपणे बंद पडली आहे, सबब कॉम्प्युटर बंद होत आहे, हातातलं काम जतन करा. हुकूम देणार : एनटी ऑथॉरिटी. शिल्लक वेळ : ६० सेकंद. एकोणसाठ. अठ्ठावन्न.

"ही कुठली ऑथॉरिटी?" अण्णा चष्मा वर करून म्हणाले. "वीज तोडणारेसुद्धा पंधरा दिवसांची नोटीस देतात!"

कॉम्प्युटर बंद झाला, आपला आपण सुरू झाला आणि इंटरनेट जोडताच पुन्हा साठ, एकोणसाठ, अठ्ठावन्न. रात्रीपर्यंत आम्ही अशी सात मरणं पाहिली.

हा प्रकार कुणी सुरू केला, हे मी पुढे शोधू लागलो, तेव्हा घराणं चांगलंच जुनं निघालं. मूळ पुरुष १९७१चा. अमेरिकेतल्या बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीत बॉब थॉमस यांनी 'क्रीपर' नावाचा प्रोग्राम लिहिला. तो अर्पानेट या जाळ्यातून एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाई आणि 'जमलं तर पकडा मला' अशा अर्थाचा निरोप ठेवी. लपंडावच म्हणायचा. त्याला हुडकून पुसून टाकायला रे टॉमलिन्सन यांनी 'रीपर' सोडला. म्हणजे चोर आणि शिपाई एकाच ऑफिसातले. ईमेल काढणारे ते हेच टॉमलिन्सन. एका हाताने किडा मारला आणि दुसऱ्या हाताने पुढच्या किड्यांसाठी रस्ता बांधून दिला.

'व्हायरस' हे नाव मात्र १९८३चं. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या फ्रेड कोहेन या विद्यार्थ्याने असा प्रोग्राम करून दाखवला आणि त्याचे गुरू लेनर्ड ॲडलमन यांनी बारसं केलं.

पुढचं पान आपल्या शेजारचं. १९८६. लाहोरमध्ये बासित आणि अमजद फारूक अल्वी हे दोघे भाऊ कॉम्प्युटरचं दुकान चालवत. आपल्या सॉफ्टवेअरच्या चोरून नकला होतात म्हणून त्यांनी फ्लॉपीवर पसरणारा 'ब्रेन' लिहिला, आणि त्यात चक्क स्वतःची नावं, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर घातले. लस हवी असेल तर संपर्क साधा! परदेशांतून फोन येऊ लागले तेव्हा भावांनाच घाम फुटला. पंचवीस वर्षांनी, २०११ साली, फिनलंडचे तज्ज्ञ मिको हिप्पोनेन त्या पत्त्यावर गेले, तर भाऊ तिथेच दुकान मांडून बसलेले. आमच्या बँकेचे कर्जदार पंचवीस दिवसांनी दिलेल्या पत्त्यावर सापडत नाहीत. विषाणूच्या धंद्यात इतका सच्चेपणा पुन्हा दिसला नाही.

२ नोव्हेंबर १९८८ला कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने इंटरनेटवर एक किडा सोडला. समोरचं यंत्र 'मी आधीच लागण झालेला आहे' म्हणालं तर निघून यावं, हे त्यालाही सुचलं होतं. पण यंत्र खोटं बोलेल, या शंकेने त्याने ठरवलं, की सातातून एकदा तरी घुसायचंच. चक्रवाढ व्याज ज्याने कधी मोजलं नाही, तोच असं ठरवू शकतो. तेव्हा इंटरनेटवर सुमारे ६०,००० यंत्रं होती. त्यांतली अंदाजे ६,००० आडवी झाली. गंमत म्हणजे या मुलाचे वडील अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेत कॉम्प्युटर-सुरक्षेचेच तज्ज्ञ होते. मुलगे बापाच्या कामाचं असं काहीतरी करतातच. त्याकडे मी येणारच आहे. मॉरिसला तीन वर्षं देखरेख, ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड झाला. वरचे पन्नास कशाचे, हे आमच्या ऑडिटरलाच विचारायला हवं. पुढे तो एमआयटीत प्राध्यापक झाला.

मग आली भीतीची साथ. ६ मार्च १९९२, म्हणजे मायकेलअँजेलोच्या जयंतीला, त्याच्या नावाचा विषाणू लाखो कॉम्प्युटर पुसणार अशी हाकाटी झाली. प्रत्यक्षात काही हजारांवर भागलं. ४ मे २००० रोजी फिलिपाइन्समधून प्रेमपत्र आलं. विषय : आय लव्ह यू. जगभर लाखो शहाण्यासुरत्या माणसांनी, आपल्यावर कोण बरं भाळलं, म्हणून ते उघडलं आणि आपले फोटो घालवून बसले. तिथे तेव्हा असा कायदाच नव्हता, म्हणून लिहिणारा सुटला. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २०००ला लागू झाला. त्यातल्या ४३व्या कलमात व्हायरसची व्याख्या आहे. बँकेच्या परीक्षेसाठी मी ती पाठ केली होती. त्या वर्षी ती विचारली नाही.

पण मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो २००२चा अस्वलाचा किस्सा. ईमेल यायची : तुमच्या कॉम्प्युटरमध्ये अस्वलाचं चित्र असलेली फाइल असेल, तर तो भयंकर व्हायरस आहे, ताबडतोब पुसा आणि सगळ्या मित्रांना कळवा. लोक शोधत, अस्वल सापडे, लोक पुसत. अस्वल बिचारं विंडोजचीच एक साधी फाइल होतं. व्हायरस असा नव्हताच. नुकसान करायला माणूस स्वतःच पुरेसा होता.

आता औषधाची बाजू. लाहोरला दोन भाऊ, तसे पुण्यालाही दोन भाऊ निघाले. कैलास काटकर मूळचे आमच्या सातारा जिल्ह्यातले. कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता ते कॉम्प्युटरकडे वळले, धाकट्या संजयना त्या शिक्षणाला घातलं, आणि संजयनी विषाणू मारणारे प्रोग्राम लिहिले. १९९५ साली त्यांनी कंपनी नोंदवली. पुढे ती 'क्विक हील' झाली.

तरी औषधाचंही भय असतंच. विंडोजमध्ये 'एसव्हीसी-होस्ट' नावाच्या प्रोसेस एकदम बऱ्याच चालू दिसतात. त्या नक्की काय करतात हे कुणाला ठाऊक नसतं, पण कॉम्प्युटर संथ झाला की पहिला संशय त्यांच्यावर. थोडक्यात, ते आमच्यासारखे कारकून आहेत. नावातली 'व्ही' आणि 'सी' ही अक्षरं उलटी करून त्यांच्यात तोतयेही शिरले, हे खरं. पण २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या औषधाने एका चुकीच्या फतव्यावरून विंडोज एक्सपीतला अस्सल कारकूनच व्हायरस ठरवून उचलला, आणि जगभर कॉम्प्युटर उठबशा काढू लागले. रखवालदाराने कॅशियरला चोर म्हणून कोंडलं, तर बँक उघडणार कशी?

आमच्या घरातला एल्सॅसही असाच. त्याचं काम पासवर्ड तपासण्याचं. आमच्याकडे सह्या पडताळणारा बसतो ना, तसं. जर्मनीतल्या एका अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने 'सॅसर' नावाचा किडा सोडला होता. तो दाराशी येऊन एल्सॅसच्या खिडकीत मावणार नाही एवढा कागद कोंबे. कारकून कोसळे आणि त्याच्याशिवाय विंडोज चालत नाही, म्हणून साठ सेकंद. ब्रिटनच्या तटरक्षकांना त्या दिवसांत कागदी नकाशे काढावे लागले, फिनलंडच्या साम्पो बँकेने खबरदारी म्हणून १३० शाखा बंद ठेवल्या. आमच्या शाखेत त्या आठवड्यात काही बंद नव्हतं. फक्त पंखा.

कॉम्प्युटर जोडून देणारा पोरगा दुसऱ्या दिवशी आला. अण्णांचाच विद्यार्थी. त्याने पाहिलं आणि वैद्यकीय गांभीर्याने सांगितलं, "फॉरमॅट मारावा लागेल." अण्णा फिरायला गेले होते. त्याने मला विचारलं, "सरांचं काही आहे का आत?"

"नाही रे," मी म्हणालो. "मार."

नंतर कधीतरी वाचलं. सॅसर फाइलींना हात लावत नसे. तो अडवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १३ एप्रिललाच, म्हणजे किडा जन्मायच्या आधीच, दिली होती. आणि ते साठ सेकंद 'शटडाउन'पुढे एक आडवी रेघ आणि 'ए' एवढं टाइप केलं की जागच्या जागी थांबत. जर्मनीतल्या पोराने आमचं काहीच नेलं नव्हतं. अण्णांची एकसष्ट पानं मी पुसली होती.

अण्णा परत आले, खुर्चीत बसले, बराच वेळ शोधत राहिले. मग म्हणाले, "जाऊ दे. शुद्धलेखनाच्या चुका फार होत्या त्यात." त्यांनी पुन्हा लिहायला घेतलं नाही. २०११ साली ते गेले.

परवा आमचे चिरंजीव लॅपटॉपपुढे बसले होते. म्हणाले, "बाबा, फार स्लो झालाय. ही एक प्रोसेस बघा, काहीच करत नाही नुसती. मारू का?"

मी हातातला चहा खाली ठेवला आणि म्हटलं, "आधी ती कुणाची आहे, ते विचार."