शिरगणतीत नसलेले प्रेक्षक

दिवाळीच्या चिवड्यात मिरची नसेल, तर त्याला चिवडा म्हणायला घरातले कोणी धजणार नाही. पण ही मिरची मुळात आपली नव्हे. ती मेक्सिको आणि त्याच्या आसपासच्या मुलखातून निघाली आणि पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्याला लागली. तिच्यासारखे आणखीही पुष्कळ पाहुणे आले आणि घरचेच होऊन बसले. बटाटा, पाव, साबण, चावी, पगार हे आपल्या तोंडचे रोजचे शब्द पोर्तुगीज भाषेने दिलेले. आणि पोर्तुगीज व स्पॅनिश या तर सख्ख्या बहिणी. पावाला स्पॅनिश माणूस ‘पान’ म्हणतो आणि पैसे देण्याच्या क्रियेला ‘पागार’! तेव्हा ज्या भाषेची हकीगत आज सांगायची आहे, ती वाचकांना वाटते तितकी परकी नाही.

ही हकीगत आहे अमेरिकेच्या टेक्सास राज्यातल्या सॅन अँटोनिओ या शहरातली. नावावरूनच कळते की, हे गाव वसवले ते इंग्रजी बोलणाऱ्यांनी नव्हे. १६९१ साली १३ जूनला, संत अँटनीच्या सणाच्या दिवशी, स्पॅनिश मंडळी इथल्या नदीकाठी उतरली म्हणून नदीला ते नाव पडले. १७१८ साली तिथे मिशन आणि ठाणे उभे राहिले. पुढे स्पेनचे राज्य गेले, मेक्सिकोचे आले. १८३६ साली टेक्सास मेक्सिकोपासून फुटून निघाले आणि १८४५ साली संयुक्त संस्थानांत सामील झाले. राज्ये बदलली, निशाणे बदलली. पण नदीकाठची माणसे तिथेच राहिली आणि त्यांच्या चुलीपाशी बोलली जाणारी भाषाही तीच राहिली. तिकडचे लोक म्हणतात, आम्ही सीमा ओलांडली नाही, सीमेनेच आम्हाला ओलांडले. या बोलण्यातले मर्म मराठी वाचकाला, त्यातही बेळगावकडच्या वाचकाला, उलगडून सांगायला नको.

१९१० साली मेक्सिकोत क्रांतीचा वणवा पेटला आणि हजारो कुटुंबे उत्तरेकडे आली. त्यांत मजूर होते, तसे संपादक, वकील आणि नटही होते. १९१३ साली इग्नासिओ लोसानो यांनी सॅन अँटोनिओत ‘ला प्रेन्सा’ हे स्पॅनिश वृत्तपत्र काढले. तंबूत चालणारे फिरते खेळ आले; त्यांना ‘कार्पा’ म्हणत. आपल्याकडच्या तमाशाच्या कनातीची आठवण व्हावी असे त्यांचे रूप होते. गाणी, नकला, सोंगे आणि मधूनच अंमलदारांना मारलेली एखादी कोपरखळी, असा सारा मामला. शहराच्या पश्चिम भागात गरिबी दांडगी होती, पण आपल्या भाषेतली करमणूक मात्र हाकेच्या अंतरावर होती.

शाळेचे दार ओलांडले की चित्र पालटे. १९१८ साली टेक्सासात असा कायदा झाला की, सरकारी शाळांतून इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत शिकवणे हा गुन्हा समजावा. मुलांनी मैदानावर खेळताना स्पॅनिश शब्द उच्चारला, तर त्यांना शाळा सुटल्यावर बसवून ठेवीत, दंड करीत, कित्येक ठिकाणी छडीही बसे. आम्हा मास्तर मंडळींना मुलांना गप्प बसवण्याची सवय असते, हे कबूल. पण खेळाच्या तासाला तोंडातून मातृभाषा निघाली म्हणून मूल अपराधी ठरते, तेव्हा शाळा त्याला निराळेच काहीतरी शिकवीत असते. आई ज्या भाषेत हाक मारते, ती भाषा चारचौघांत उच्चारण्याच्या लायकीची नाही, हा तो धडा. आणि असे धडे मुले गणितापेक्षा लवकर पाठ करतात.

अशा गावात राऊल कोर्तेस नावाच्या गृहस्थांनी उद्योगाला हात घातला. ते १९०५ साली मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझ प्रांतात जन्मले. तरुणपणी त्यांनी ‘ला प्रेन्सा’त बातमीदारी केली. त्या काळी नभोवाणीवर स्पॅनिश कार्यक्रम ऐकू येत, पण ते उसन्या जागेत. इंग्रजी केंद्रांना ज्या वेळेचे मोल वाटत नसे, म्हणजे पहाटेची किंवा अशीच पडीक वेळ, ती एखाद्या अडत्याने विकत घ्यायची, तीत गाणी लावायची आणि जाहिराती मिळवून पैसे वसूल करायचे. कोर्तेस यांनीही असाच वेळ विकत घेऊन कार्यक्रम केले. मग त्यांच्या मनात आले की, दुसऱ्याच्या ओसरीवर किती दिवस बसायचे? १९४४ साली त्यांनी स्वतःच्या केंद्रासाठी परवाना मागितला. युद्धाचे दिवस होते, परभाषेतल्या प्रक्षेपणाकडे सरकार संशयाने पाही. कोर्तेस यांनी अर्जात लिहिले की, स्पॅनिश बोलणाऱ्या नागरिकांना युद्धकार्यात सामील करून घेण्याला हे केंद्र उपयोगी पडेल. परवाना मिळाला आणि १९४६ साली केसीओआर हे नभोवाणी केंद्र सुरू झाले. त्या नावात त्यांच्या आडनावाची पहिली तीन अक्षरे होती.

हा माणूस नुसता व्यापारी नव्हता. मेक्सिकन वंशाच्या नागरिकांच्या ‘लुलॅक’ या संघटनेचे ते १९४८ च्या सुमारास दोन वेळा राष्ट्रीय अध्यक्ष झाले. मेक्सिकन मुलांना वेगळ्या शाळेत बसवण्याच्या पद्धतीविरुद्ध १९४८ साली टेक्सासात जो खटला लढवला गेला, त्यामागे याच संघटनेचे बळ होते. एकीकडे शाळेच्या दारावर थाप मारायची आणि दुसरीकडे शाळेने नाकारलेली भाषा हवेतून घराघरांत पोचवायची, अशी ही दुहेरी कामगिरी होती.

१९५५ सालच्या जूनमध्ये कोर्तेस यांनी दूरचित्रवाणी केंद्र काढले. प्वेर्तो रिको बेटावर वर्षभर आधीच स्पॅनिश दूरचित्रवाणी सुरू झाली होती. पण अमेरिकेच्या मुख्य भूमीवर पूर्णवेळ स्पॅनिशमध्ये बोलणारे हे पहिलेच केंद्र. वाहिनीचा क्रमांक ४१. कार्यक्रम संध्याकाळी सुरू होत. काही मेक्सिकोतून आलेले चित्रपट असत, आणि बाकीचा वेळ गावातलेच गायक, वादक, नकलाकार तिथल्या तिथे दिव्यांच्या उजेडात उभे राहून भरून काढीत. बोलपटांनी ज्यांचा रंगमंच हिरावून घेतला होता, त्या जुन्या नटांना आधी नभोवाणीने आणि मग या पडद्याने पुन्हा काम दिले. ललो आस्तोल हे त्यांतले एक गाजलेले नाव. दिवसभर साहेबाशी मोडक्या इंग्रजीत बोलून दमलेला मजूर संध्याकाळी घरी येई, तेव्हा त्या काचेतला माणूस त्याच्याशी त्याच्या आईच्या भाषेत बोले. त्याचे मोल पैशांत कसे करणार?

आणि नेमके पैशांतच करावे लागते, ही तर खरी अडचण! ४१ हा क्रमांकच मुळी गैरसोयीचा होता. त्या वेळच्या बहुतेक संचांच्या तबकडीवर २ ते १३ एवढेच आकडे असत. त्यापुढच्या वाहिन्या निराळ्या, अधिक आखूड लहरींवर चालत. त्या पाहायच्या तर संचाला आणखी एक डबी जोडावी लागे आणि छपरावर निराळा आकडा चढवावा लागे. म्हणजे इंग्रजी कार्यक्रम बटण फिरवताच मिळत, आणि शहरात ज्यांची मिळकत सर्वांत कमी, त्यांनी आपल्या भाषेसाठी वरचा खर्च सोसावा, असा न्याय होता. कित्येकांनी तो सोसलाही.

पण प्रेक्षक असून भागत नाही, ते मोजले जावे लागतात. जाहिरात देणारा व्यापारी विचारतो, तुमचा कार्यक्रम पाहतात किती जण? याचे उत्तर देणाऱ्या संस्था दूरध्वनीवर किंवा टिपणवहीतून घरोघर चौकशी करीत, आणि ती चौकशी इंग्रजीत असे. ज्या घरात दूरध्वनी नाही, किंवा उचलणाऱ्या आजीबाईला प्रश्नच कळत नाही, त्या घराचा हिशेब कोण ठेवणार? कागदावर आकडे असे उमटत की, जणू ४१ क्रमांक कोणी पाहतच नाही. बाहेर दुकानदाराला माल खपताना दिसे, पण मोठमोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्यांत तो कागदच खरा ठरे. कोर्तेस यांनी पदरचा पैसा घालून काही वर्षे केंद्र चालवले. अखेरीस १९६१ साली त्यांना ते विकावे लागले. प्रेक्षक नव्हते म्हणून नव्हे. प्रेक्षकांची नोंद नव्हती म्हणून.

विकत घेणाऱ्यांत मेक्सिकोचे मोठे प्रसारण-धनी एमिलियो आस्कारागा होते. त्यांच्याजवळ कार्यक्रमांचे कोठार होते. कोर्तेस यांचे जावई एमिलियो निकोलास हेही भागीदार झाले आणि केंद्राचा कारभार त्यांनी हाती घेतला. केंद्राचे नाव केडब्ल्यूईएक्स झाले, क्रमांक ४१ च राहिला. १९६२ साली त्याच मंडळींनी लॉस एंजेलिसला ३४ क्रमांकाचे केएमईएक्स केंद्र काढले. मेक्सिकोहून आलेल्या कार्यक्रमांच्या फिती एका गावाहून दुसऱ्या गावाला, वाचनालयातल्या पुस्तकासारख्या, आळीपाळीने फिरत. त्याच वर्षी कायदा झाला की, १९६४ पासून बनणाऱ्या प्रत्येक संचात वरच्या वाहिन्याही दिसल्या पाहिजेत, आणि त्या जादा डबीचा जाच हळूहळू संपला. १९६९ साली टेक्सासातला शाळांवरचा तो भाषाबंदीचा कायदाही गेला.

मात्र बाहेरून आलेल्या कथामालिकांनी सारी संध्याकाळ भरू लागली, तशी गावातल्या गायकाची आणि नकलाकाराची जागा आक्रसली. स्थानिक केंद्राचे खरे काम मग उरले ते बातम्यांत. आपल्या गल्लीत काय घडले, पोलीस कोणाला धरून घेऊन गेले, शाळेत कोणाच्या मुलाला काय भोगावे लागले, हे मेक्सिकोतला धनी सांगू शकत नाही; ते गावातल्यानेच सांगावे लागते. या कामाची किंमत लॉस एंजेलिसच्या केंद्राने मोजली. तिथले वृत्तसंचालक रूबेन सालाझार हे नामांकित पत्रकार. २९ ऑगस्ट १९७० रोजी व्हिएतनाम युद्धाविरुद्ध मेक्सिकन-अमेरिकन लोकांचा मोठा मोर्चा निघाला. त्या दिवशी वार्तांकन करताना ते एका उपाहारगृहात थोडे टेकले असता, शेरीफच्या शिपायाने आत झाडलेले अश्रुधुराचे नळकांडे त्यांच्या डोक्यात बसले आणि ते जागीच ठार झाले. चौकशी झाली, खटला कोणावरच झाला नाही. स्पॅनिश दूरचित्रवाणी म्हणजे गरिबांची गाणीबजावणी, असे ज्यांना वाटत होते, त्यांना त्या दिवशी कळले असेल की, हा पडदा पत्रकारितेचाही आहे.

पुढची गोष्ट भरभराटीची आहे. १९७६ साली ही साखळी उपग्रहाने जोडली गेली. पण परदेशी माणसाच्या हाती प्रसारणाची सत्ता असता कामा नये, असा तेव्हा अमेरिकेचा कायदा होता. त्यावरून वाद होऊन १९८६ साली मालकांना केंद्रे विकावी लागली. सुमारे ३० कोटी डॉलरांना ती शुभेच्छापत्रे छापणाऱ्या हॉलमार्क कंपनीकडे गेली आणि १९८७ साली साखळीचे नाव युनिव्हिजन झाले. कोर्तेस ते पाहायला नव्हते. १९७१ सालीच ते वारले होते.

मोजणीचे काय झाले, हे सांगितल्याशिवाय मात्र ही हकीगत पुरी व्हायची नाही. १९७० च्या शिरगणतीत काही निवडक घरांना प्रथमच विचारले गेले की, आपले मूळ स्पॅनिश किंवा हिस्पॅनिक आहे काय? १९८० साली हा प्रश्न साऱ्या देशाला विचारला गेला, आणि नावे नोंदवा, मागे राहू नका, असे लोकांना घरोघर सांगण्याचे काम स्पॅनिश दूरचित्रवाणीने केले. ज्या केंद्राचे प्रेक्षक कोणी मोजले नाहीत, त्याच्या वारसांनी सबंध समाजाला मोजणीत उभे केले. १९९२ साली प्रेक्षकसंख्येची नोंद ठेवणाऱ्या नील्सन कंपनीने स्पॅनिश घरांसाठी स्वतंत्र मोजदाद देशभर सुरू केली. पहिल्या प्रक्षेपणाला तेव्हा ३७ वर्षे झाली होती. इतक्या वर्षांत प्रेक्षक काही आकाशातून पडले नव्हते. ते पहिल्या संध्याकाळपासून तिथेच, आपापल्या घरात, संचासमोर बसलेले होते.

सॅन अँटोनिओतली केंद्राची जुनी इमारत २०१३ साली पाडण्यात आली. तिथे राहण्याची घरे बांधायची होती. गावकऱ्यांनी विरोध केला, काहींनी आवाराची वाट अडवून अटकही करवून घेतली. परंतु यंत्रे चाललीच. वास्तू साधीच होती. पण ती वाचावी म्हणून आडवे झालेल्या लोकांना चुना-विटांचा लोभ नव्हता. शाळेत जी भाषा बोलल्याबद्दल त्यांच्या वडीलधाऱ्यांनी छडी खाल्ली, ती याच इमारतीतून संध्याकाळी उजळ माथ्याने बोलली जात होती, हे त्यांना ठाऊक होते.

भाषा जगते ती ग्रंथांत, हे खरेच. पण त्याआधी ती जगते ती संध्याकाळच्या वेळी, घरात, चार माणसे एकत्र बसलेली असताना. त्या वेळी तिच्यात बोलणारा कोणीतरी समोर लागतो. सॅन अँटोनिओच्या माणसांना तो ४१ व्या क्रमांकावर भेटला, आणि त्याला भेटण्यासाठी त्यांनी पदरमोड करून छपरावर आणखी एक आकडा चढवला. व्यापाऱ्यांच्या वहीत ती घरे पुढे ३७ वर्षांनी लागली. आकाशाकडे नजर टाकणाऱ्या कोणालाही ती छपरांवरून तेव्हाच मोजता आली असती.