तरुण वयातील हृदयविकाराचा झटका

तरुण वयातील हृदयविकाराचा झटका म्हणजे साधारणतः वयाच्या ४५ वर्षांपूर्वी हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा अकस्मात खंडित होऊन त्या स्नायूचा काही भाग मृत होणे. वयाची ही मर्यादा सर्वमान्य नाही. काही अभ्यासांत ती ४०, तर काहींत ५० किंवा ५५ वर्षे धरलेली आढळते. हा विकार उतारवयाचा समजला जात असल्याने तरुण रुग्णाच्या तक्रारीकडे रुग्णाचे स्वतःचे, कुटुंबीयांचे व प्रसंगी वैद्यकांचेही दुर्लक्ष होते. प्रत्यक्षात तरुणांमधील बहुतेक झटक्यांमागे वृद्धांमध्ये आढळणारेच जोखीम घटक असतात. ते केवळ लवकर सुरू झालेले असतात.

हृदयविकाराचा झटका आणि हृदयक्रिया अचानक बंद पडणे या दोन भिन्न घटना होत. पहिलीत रक्तवाहिनी अडते, तर दुसरीत हृदयाचे ठोके थांबतात वा निरुपयोगी होतात. झटक्यामुळे हृदयक्रिया बंद पडू शकते. परंतु तरुणांमधील प्रत्येक आकस्मिक मृत्यू हा झटक्यामुळेच होतो असे नाही.

विकाराची प्रक्रिया

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या आतील भिंतीत मेदयुक्त थर साचत जातो. हा थर फुटला की त्यावर रक्ताची गुठळी बनते आणि धमनी बंद होते. थर साचण्याची क्रिया तारुण्यातच सुरू होते. कोरियन युद्धात मृत्यू पावलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. या सैनिकांचे सरासरी वय सुमारे २२ वर्षे होते, तरीही त्यांपैकी ७७.३ टक्के जणांच्या हृदयधमन्यांत नुसत्या डोळ्यांना दिसतील असे विकृत बदल आढळले. तरुणांमध्ये अनेकदा एकाच धमनीत अडथळा असतो व तो लहान असतानाही अचानक फुटतो. त्यामुळे झटक्यापूर्वी चालताना छातीत दुखण्यासारखी पूर्वसूचना मिळतेच असे नाही.

दक्षिण आशियातील स्थिती

५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासाचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. धूम्रपान, रक्तातील मेदाचे असंतुलन, उच्च रक्तदाब, मधुमेह, पोटाचा स्थूलपणा, मानसिक ताण, फळे व भाज्यांचे अल्प सेवन, मद्यपान आणि व्यायामाचा अभाव या नऊ घटकांशी पहिल्या झटक्याच्या जोखमीचा सुमारे ९० टक्के भाग निगडित असल्याचे त्यात दिसून आले. याच अभ्यासातील दक्षिण आशियाविषयीचा भाग २००७ मध्ये प्रकाशित झाला. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ व श्रीलंका या देशांत पहिल्या झटक्याचे सरासरी वय ५३ वर्षे, तर इतर देशांत ५८.८ वर्षे होते. चाळिशीपर्यंतच्या रुग्णांचे प्रमाण अनुक्रमे ८.९ व ४.४ टक्के होते. मात्र वरील नऊ घटक हिशोबात घेतल्यावर हा फरक जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजेच लवकर येणारा झटका हा केवळ वंशाचा वा दैवाचा भाग नसून त्याची बहुतांश कारणे बदलता येण्याजोगी आहेत.

जोखीम घटक

तंबाखू : तरुण रुग्णांमध्ये धूम्रपान हा सर्वाधिक आढळणारा घटक होय. चघळण्याची तंबाखू निरुपद्रवी असल्याचा समज चुकीचा आहे. इंटरहार्टमध्ये केवळ तंबाखू चघळणाऱ्यांत झटक्याची जोखीम दुपटीहून अधिक, तर धूम्रपान करून तंबाखूही चघळणाऱ्यांत सुमारे चौपट आढळली. महाराष्ट्रात विडी-सिगारेटपेक्षा तंबाखू, मिश्री व गुटखा यांचे सेवन अधिक असल्याने ही बाब महत्त्वाची ठरते. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे.

मेद व स्थूलपणा : वजन प्रमाणात असूनही शरीरात मेद अधिक असू शकतो. पुण्यातील केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले. दोघांचाही बीएमआय २२.३ होता, परंतु युडकिन यांच्या शरीरातील मेद ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचा २१.२ टक्के होता. या कारणास्तव भारतीयांसाठी कमरेच्या घेराला महत्त्व दिले जाते. त्याची मर्यादा पुरुषांत ९० सेंमी व स्त्रियांत ८० सेंमी मानतात.

आनुवंशिकता : वडील वा भाऊ यांना ५५ वर्षांपूर्वी अथवा आई वा बहीण यांना ६५ वर्षांपूर्वी हृदयधमन्यांचा विकार झालेला असल्यास जोखीम वाढते. जन्मतःच एलडीएल कोलेस्टेरॉल अतिशय वाढलेले असणे व लिपोप्रोटीन-ए अधिक असणे ही आनुवंशिक कारणे साध्या तपासणीने ओळखता येतात.

इतर कारणे : कोकेनसारखे अमली पदार्थ, रक्त गोठण्याचे विकार आणि धमनीची भिंत आपोआप चिरणे ही कारणे तरुणांमध्ये तुलनेने अधिक दिसतात. भिंत चिरण्याचा प्रकार प्रामुख्याने स्त्रियांमध्ये, विशेषतः बाळंतपणाच्या सुमारास आढळतो.

लसीकरणाविषयीचा समज

कोविड-१९ लसीमुळे तरुणांचे आकस्मिक मृत्यू वाढल्याची चर्चा झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ४७ रुग्णालयांच्या साहाय्याने १८ ते ४५ वयोगटातील अशा मृत्यूंचा अभ्यास करून २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. लसीमुळे जोखीम वाढल्याचे त्यात आढळले नाही. कोविडमुळे पूर्वी रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, कुटुंबातील आकस्मिक मृत्यूचा इतिहास, तसेच मृत्यूपूर्वीच्या ४८ तासांतील अतिमद्यपान, अमली पदार्थांचे सेवन वा अतितीव्र शारीरिक श्रम यांचा मात्र संबंध दिसला.

लक्षणे व निदान

छातीच्या मध्यभागी दाब वा आवळल्यासारखी वेदना, ती डावा हात, जबडा वा पाठीकडे पसरणे, घाम, धाप व मळमळ ही प्रमुख लक्षणे होत. स्त्रियांमध्ये व मधुमेहींमध्ये ती अस्पष्ट असू शकतात. पित्त वा अपचन समजून घरगुती उपाय करत बसण्यात मोलाचा वेळ जातो. ईसीजी व रक्तातील ट्रोपोनिनच्या तपासणीने निदान होते. पहिला ईसीजी निर्दोष आला तरी झटक्याची शक्यता संपत नाही; म्हणून तपासणी पुन्हा करतात.

उपचार

बंद धमनी जितक्या लवकर उघडेल तितका स्नायू वाचतो. अँजिओप्लास्टी किंवा ती वेळेत शक्य नसल्यास गुठळी विरघळवणारे इंजेक्शन हे मुख्य उपचार होत. वेदना सुरू झाल्यास रुग्णाने स्वतः वाहन न चालवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावणे इष्ट असते. वेळेवर उपचार मिळालेल्या तरुणांचे तात्कालिक परिणाम वृद्धांपेक्षा चांगले असतात. परंतु झटक्यानंतर तंबाखू न सोडल्यास वा औषधे मध्येच थांबवल्यास दुसऱ्या झटक्याची जोखीम वाढते.

प्रतिबंध

तंबाखूचा पूर्ण त्याग, नियमित व्यायाम, आहारात फळे व भाज्या आणि मिठाचे मर्यादित प्रमाण हे प्रतिबंधाचे मुख्य उपाय होत. उच्च रक्तदाब, मधुमेह व वाढलेले कोलेस्टेरॉल दीर्घकाळ लक्षणांविना राहत असल्याने, लक्षणांची वाट न पाहता तिशीपासूनच त्यांची तपासणी करणे हितकारक ठरते. कुटुंबात लवकर हृदयविकार झालेला असल्यास ही तपासणी त्याआधीही करावी लागते.