तळटीप १७ : मृगाचे पऱ्हे, उतरत्या चंद्राची रोवणी

१७. येथे दोन निराळी पंचांगे एकत्र आली आहेत. गोंदियाकडे धानाची रोपे म्हणजे पऱ्हे, लावणी म्हणजे रोवणी. मृग लागते सूर्याच्या प्रवेशाने, ७-८ जूनला, आणि चालते सुमारे १४ दिवस. त्याचा चंद्राशी संबंध नाही. ‘उतरता चंद्र’ बायोडायनॅमिक शेतीतला. रुडॉल्फ स्टायनर यांच्या १९२४ च्या व्याख्यानांतून ती निघाली. पेरणीचे चांद्र कॅलेंडर मारिया थुन यांनी पुढे रचले. चंद्र रोज थोडा दक्षिणेकडे सरकतो, ते १३-१४ दिवस लावणीचे मानतात. याला कृष्णपक्ष समजू नये (हा घोटाळा नेहमीचाच). आषाढात तर हा काळ बहुतांशी शुद्ध पक्षातच पडतो. बांधीत (धानाच्या बांध घातलेल्या शेतात) पाणी साचल्याशिवाय मात्र रोवणी होत नाही.