लोखंडी नांगर आणि शेतकऱ्याचा नकार

मंडळी, आठवड्याच्या बाजाराला निघताना शेतकरी मनात एक हिशेब मांडतो. वांगी आज न्यावीत की दोन दिवसांनी? मागच्या बाजारी मेथीला कोणी विचारले नाही, मग या खेपेला कोथिंबीर न्यावी काय? हा हिशेब त्याला कोणी शाळेत शिकवलेला नसतो. घेणारा काय मागतो, किती देऊ शकतो आणि का परत जातो, हे तो चार बाजार हिंडून शिकतो. मोठमोठ्या कंपन्या धोरण ठरवतात म्हणजे मुळात हेच करतात. त्यांचे कागद मोठे असतात, आकडे मोठे असतात, इतकेच.

पण कधी कधी उलटे घडते. शेतकरी बाजारात जाण्याऐवजी कारखानाच शेतकऱ्याच्या दारी येतो आणि शेतकरी त्याला ‘नको’ म्हणतो. अशा वेळी कारखानदाराने काय करावे? आज मी आपल्याला एका नांगराची गोष्ट सांगणार आहे. ती तशी ओळखीची आहे. शाळेच्या धड्यांतून आणि भाषणांतून आपण ती ऐकलेली असेल. परंतु ती ज्या पद्धतीने सांगितली जाते तीत एका पक्षावर थोडा अन्याय होतो, असे मला वाटत आले आहे.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या गावी झाला. पोरवयात त्यांना चित्रकलेचा नाद. त्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. पण काही रंगांतला फरक त्यांच्या डोळ्यांना कळत नाही, असे तिथे ध्यानात आले. चित्रकाराचा मार्ग खुंटला. मग त्यांनी यंत्रांची रेखाटने करण्याची विद्या हस्तगत केली आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिक्षकाची नोकरी धरली. त्याच काळात, १८८८ साली, बेळगावात त्यांचे बंधू रामूअण्णा यांच्या जोडीने सायकलींचे दुकान निघाले. किर्लोस्कर बंधू या नावाचा आरंभ तो हाच.

या सायकलीच्या धंद्यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्या काळी बेळगावसारख्या गावात सायकलवर बसता येणारी माणसे ती किती असणार? ज्याला बसता येत नाही तो ती विकत घेईल कशाला? म्हणून रामूअण्णा लोकांना सायकल चालवायला शिकवीत. गिऱ्हाईक आधी तयार करावे लागते आणि मग माल विकावा लागतो, हा धडा या बंधूंना असा रस्त्यावरच मिळाला.

पुढे लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावास आले. सायकली परदेशातून येत, यांना मिळे ती अडत. स्वतः काहीतरी घडवावे ही त्यांच्या मनाची ओढ. त्यांनी पहिले यंत्र बनवले ते कडबा कापण्याचे. आज आपण ज्याला कडबाकुट्टी म्हणतो तेच. यंत्राची ही निवड मोठी विचारपूर्वक केलेली दिसते. आख्खा कडबा टाकला तर जनावर पाला खाते आणि बुडख्याकडची जाड ताटे तशीच तुडवून टाकते. बारीक तुकडे केले की बरीचशी वैरण पोटात जाते. दुष्काळी मुलखात ज्याच्या दावणीला चार जनावरे आहेत त्याला हा फायदा कोणी पटवून द्यावा लागत नाही, तो डोळ्यांनी दिसतो.

त्यानंतर आला लोखंडी नांगर. आणि इथे घोडे अडले.

लाकडी नांगर जमिनीत रेघ ओढतो. लोखंडी नांगर खोल जातो आणि माती उलथून टाकतो. हरळी आणि कुंदा यांनी जी काळी रान धरली आहेत ती साफ करायची तर खोल नांगरटीवाचून दुसरा उपाय नाही, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. म्हणजे वस्तू उपयोगाची होती. तरीही पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली, असे या कारखान्याच्या इतिहासात नमूद आहे. लोखंडाने जमीन विषारी होते, काळी आई नासते, अशी समजूत शेतकऱ्यांत होती. लक्ष्मणरावांनी धीर सोडला नाही, माणसे हळूहळू समजली आणि शेवटी नांगराचा जय झाला. गोष्ट सहसा इथे संपवतात. एका बाजूला दूरदृष्टीचा कारखानदार, दुसऱ्या बाजूला अडाणी शेतकरी. वर्गात सांगायला फार सोपी आणि टाळी घेणारी गोष्ट.

ती समजूत होती, हे नाकारण्याचे कारण नाही. पण सगळा नकार तेवढ्यावरच उभा होता काय? जरा बारकाईने पाहू.

पहिली गोष्ट ही की, शेतकऱ्याला लोखंडाचे वावडे नव्हते. त्याच्या लाकडी नांगराचा फाळ लोखंडाचाच होता. कुळवाची फास लोखंडाची, विळा, कुदळ, पहार लोखंडाची. उसाच्या मुलखात लाकडी घाण्याच्या जागी लोखंडी चरक एकोणिसाव्या शतकातच येऊ लागले होते आणि शेतकऱ्यांनी ते आपलेसे केले होते. रस जास्त निघतो हे एका गुऱ्हाळात दिसले की झाले. मग हाच माणूस लोखंडी नांगरापाशी का थबकला?

दुसरी गोष्ट पैशाची. लाकडी नांगर गावचा सुतार करून देई. रानातले बाभळीचे लाकूड आणि सुतार-लोहाराचे वर्षाचे बलुते, एवढ्यावर काम भागे. रोख पैसा लागत नसे. लोखंडी नांगराला लागे तो रोखच. आणि त्या काळच्या शेतकऱ्याजवळ जमीन तरी किती होती? पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची घरोघर, शेतोशेत पाहणी करून १९१७ साली ती प्रसिद्ध केली. १७७१ साली त्या गावात सरासरी खातेदाराकडे ४० एकर जमीन होती. १९१५ च्या सुमारास ती ७ एकरांवर आली होती, आणि तीही एका जागी नव्हे, तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेली. गावावर कर्जाचा डोंगर होता. हे एका गावाचे आकडे खरे, पण चित्र आपल्या ओळखीचे आहे. अशा माणसाने नव्या अवजारात रोख पैसा घालण्यापूर्वी दहादा विचार केला, तर त्याला अडाणी कसे म्हणावे?

तिसरी गोष्ट दुरुस्तीची. ऐन नांगरटीत लाकडी नांगराचे काही मोडले तर सुतार घराशेजारी. लोखंडी नांगराचा ओतीव फाळ दगडावर आपटून फुटला तर? गावच्या लोहाराच्या भात्यावर तो जुळत नाही. नवा फाळ मिळेल कुठे, केव्हा? आणि चौथी गोष्ट बैलांची. खोल जाणारा नांगर ओढायचा तर बैलांचे बळ लागते. एका जोडीच्या मालकाला सावड केल्याशिवाय गत्यंतर नाही.

आता हे सारे एका वाक्यात कोणी बोलून दाखवीत नाही. दारात आलेल्या परक्या माणसाला ‘माझ्याजवळ पैसा नाही, बैल नाही’ असे सांगणे कमीपणाचे वाटते. त्यापेक्षा ‘लोखंडाने जमीन नासते बाबा’ म्हणणे सोपे. मी काही हे पुराव्याने सिद्ध करू शकत नाही. पण आम्ही इतिहास शिकवणाऱ्यांनी लोकांच्या बोलण्यामागचे न बोललेलेही वाचायला शिकले पाहिजे, असे मला वाटते.

लक्ष्मणरावांचे मोठेपण मला इथे दिसते. नांगर खपत नाही म्हणून त्यांनी शेतकऱ्याला नावे ठेवून दुसरा धंदा धरला नाही. ते त्याच गिऱ्हाइकाला धरून बसले. नांगर दुकानात मांडून खपत नाही, तो शेतात चालला पाहिजे, चाललेला दिसला पाहिजे आणि मोडला तर पुन्हा चालता झाला पाहिजे. जो कारखानदार यातले एकही विसरेल त्याचा माल गंजत पडेल.

इतक्यात दुसरेच संकट आले. बेळगावातली कारखान्याची जागा नव्या वसाहतीसाठी सोडावी लागली. जुळवलेला संसार मोडण्याची वेळ आली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळ दिला आणि १०,००० रुपये कर्जाऊ दिले. निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. आज ते ठिकाण सांगली जिल्ह्यात येते आणि रेल्वे स्टेशनही त्याच नावाने ओळखले जाते. या जागेचा एक गुण पाहा. दाराशी रेल्वे, आणि चहूबाजूंनी कृष्णाकाठचा शेतीचा मुलूख. कारखाना आता आपल्या गिऱ्हाइकांच्या मधोमध येऊन बसला होता.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. विलायतेहून येणारा माल अडला आणि देशी नांगराला मागणी वाढली. पण लोखंड आणि कोळसा मिळेना. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी या दिवसांत जुन्या तोफा वितळवून नांगर करण्यासाठी दिल्याची आठवण सांगतात. युद्धाने मागणी आणली हे दैव म्हणावे लागेल. पण मागणी आली तेव्हा नांगर ओतणारे हात तयार होते, त्याच्या मागे अनेक वर्षांची खटपट होती.

जानेवारी १९२० मध्ये किर्लोस्कर बंधूंची मर्यादित कंपनी झाली आणि त्याच वर्षी ‘किर्लोस्कर खबर’ हे लहानसे पत्र निघाले. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर त्याचे संपादक. कारखान्याची आणि अवजारांची माहिती लोकांपर्यंत पोचावी, हा आरंभीचा हेतू. पुढे नावातला ‘खबर’ हा शब्द गळाला आणि ते मराठीतले एक नावाजलेले मासिक झाले. १९३० साली त्याच घरातून ‘स्त्री’ मासिक निघाले. सायकल विकण्यासाठी सायकल शिकवणाऱ्या घराण्याला हे सुचावे यात नवल नाही.

पण बाजार एके ठिकाणी स्थिर राहत नाही. चांगला नांगर अनेक वर्षे टिकतो. म्हणजे माल जितका चांगला, तितके ते गिऱ्हाईक पुन्हा उशिरा येणार. शिवाय शेतमालाचे भाव पडले की शेतकरी पहिली काटछाट अवजारांत करणार. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत भाव कोसळले तेव्हा याचा अनुभव साऱ्या देशाने घेतला. केवळ नांगरावर विसंबून चालणार नव्हते. उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचे यंत्र, पाण्याचे पंप, अशी एकामागून एक यंत्रे या कारखान्यातून बाहेर पडली. हा क्रम जर नीट पाहिला तर त्यात शेतकऱ्याचे वर्षच दिसते. नांगरट झाली, पुढे पाणी पाहिजे, पीक निघाले की ते फोडायचे, गाळायचे. विहिरीवर मोट ओढता ओढता बैल आणि माणूस दोघे थकतात, हे ज्याने पाहिले त्याला पंप सुचला. १९४६ साली पुण्यात तेलावर चालणाऱ्या इंजिनांचा आणि बंगलोरला विजेच्या यंत्रांचा, असे दोन स्वतंत्र कारखाने उभे राहिले. तोवर लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांनी सूत्रे हाती घेतली होती. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले.

या गोष्टीला दुसरीही बाजू आहे. अशा अवजारांचा फायदा आधी कोणाला होतो? ज्याच्याजवळ चार बैल, पाण्याखालचे रान आणि गाठीला पैसा आहे त्याला. कोरडवाहू सात एकरवाल्याचा नकार यंत्र चांगले झाले म्हणून आपोआप मिटत नाही. त्याला कर्ज रास्त व्याजाने मिळावे लागते, चार घरांनी मिळून अवजार घेण्याची सोय लागते. सहकारी पतपेढ्यांचा कायदा १९०४ साली झाला तो या गरजेतून. कारखानदार कितीही हुशार असला तरी गिऱ्हाइकाच्या खिशात तो पैसा घालू शकत नाही. ते काम समाजाचे आणि सरकारचे.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. वर्गात ही गोष्ट सांगाल तेव्हा लक्ष्मणरावांचा धीर जरूर सांगा. पण मुलांना एवढेही विचारा, की तुमच्या आज्याने तो नांगर घेतला नसता, तर का घेतला नसता? मुले घरी जाऊन विचारतील. कोणी सांगेल बैल नव्हते, कोणी सांगेल सावकाराचे देणे होते. त्या उत्तरांतून मुलांना इतिहासही कळेल आणि बाजारही.

आणि गावकरी मंडळींनो, आज आपल्यापैकीच काही जण शेतकऱ्यांच्या कंपन्या काढून माल विकायला निघाले आहेत. आता आपण दुकानाच्या आतल्या बाजूला आहोत. शहरातले गिऱ्हाईक आपला माल पाहून पुढे जाईल, तेव्हा त्याला मालाची पारख नाही असे चटकन म्हणू नका. थोडे थांबून त्याला विचारा, बाबा, का नको? बेळगावच्या त्या कारखान्यात पहिल्या नांगराला गिऱ्हाईक मिळायला दोन वर्षे जावी लागली. तुम्ही विचारलेत तर कदाचित इतकी वाट पाहावी लागणार नाही.