मुरणे आणि शिळे होणे

अमेरिकेत नाताळचे किंवा ईस्टरचे जेवण आटोपले की असंख्य घरांपुढे एकच प्रश्न उभा राहतो : उरलेल्या हॅमचे काय करायचे? डुकराची मागची अखंड मांडी हाडासकट 7-8 किलोंची सहज भरते आणि आजच्या कुटुंबात खाणारी तोंडे असतात चार-पाच. मग वर्तमानपत्रांतून, पाकपुस्तकांतून ठरलेला सल्ला मिळतो. काप वेगळे करा, तुकडे वेगळे करा, हाड बाजूला ठेवा, हवा लागणार नाही असे घट्ट गुंडाळून फ्रीझरमध्ये टाका आणि महिना-दोन महिन्यांत संपवा.

सल्ला बरोबरच आहे. तरीही इतिहासाच्या अभ्यासकाला त्यात एक विलक्षण उलटापालट दिसते. हॅम हा पदार्थ मुळात उरवण्यासाठीच जन्माला आला. थंडीच्या तोंडावर डुक्कर कापले की एवढे मांस एका दमात खाऊन संपणे शक्य नसे. जे ताजे खाता येईल ते खायचे आणि मांड्या मिठात घालायच्या. म्हणजे हॅम ही कापणीच्या दिवसाची शिल्लकच. त्या शिलकीची शिल्लक कशी टिकवावी, हा प्रश्न आजी-पणजीला फारसा पडत नव्हता, तो नातीला पडतो.

आपल्या भाषेत ह्या दोन अवस्थांसाठी दोन क्रियापदे आहेत. लोणचे मुरते आणि भात शिळा होतो. दोन्हीकडे काळच काम करतो, पण एकीकडे तो स्वयंपाक्याच्या बाजूने असतो, दुसरीकडे विरुद्ध. हॅमचा इतिहास म्हणजे मुरणारा पदार्थ शिळा होणारा कसा झाला, त्याचा इतिहास आहे.

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात रोमन मुत्सद्दी केटो ह्याने शेतीवर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या शेवटाकडे मांड्या खारवण्याची कृती येते. रांजणाच्या तळाशी मीठ पसरायचे, मांड्या मिठात पूर्ण पुरायच्या, पाच दिवसांनी खालच्या वर करायच्या. बारा दिवसांनी काढून वाऱ्यावर टांगायच्या, तेल चोळून दोन दिवस धुरात ठेवायच्या, शेवटी तेल आणि व्हिनेगर लावायचे. मग त्यांना किडा लागत नाही, अशी ग्वाहीही तो देतो. सगळी कृती हिशेबी शेतकऱ्याची आहे, चवीचे कौतुक तिच्यात जवळजवळ नाहीच.

अमेरिकेत ही विद्या सर्वाधिक बहरली ती व्हर्जिनियात. 1786 साली जॉर्ज वॉशिंग्टनने फ्रान्समध्ये लाफायेतला पत्र पाठवले, तेव्हा मार्था वॉशिंग्टनने मादाम लाफायेतसाठी हॅमचे एक पिंप रवाना केले. लाकडी पिंप, शिडाचे जहाज, अख्खा अटलांटिक आणि बर्फाचा एक खडाही नाही! व्हर्जिनियातल्या स्त्रियांना आपल्या खारवलेल्या मांसाचा मोठा अभिमान, असे वॉशिंग्टन त्या पत्रात कौतुकाने सांगतो. अभिमान मालकिणीचा होता. मीठ चोळणारे, धुरी देण्याच्या कोठीत विस्तव धुमसता ठेवणारे हात मात्र माउंट व्हर्ननच्या मळ्यावरील गुलामांचे. मांड्या मालकाच्या टेबलावर जात किंवा विकल्या जात आणि गुलामांच्या शिध्यात मक्याच्या पिठाबरोबर येई ते हलक्या प्रतीचे चरबट मांस.

ह्या पद्धतीने मांस किती टिकावे? व्हर्जिनियातल्या स्मिथफील्ड गावच्या संग्रहालयात 1902 साली खारवलेले एक हॅम आजही ठेवलेले आहे. पी. डी. ग्वाल्टनी नावाच्या व्यापाऱ्याच्या कोठारात ते चुकून राहून गेले. पुढे त्याने त्याला चक्क पितळी गळपट्टा घातला आणि पाळीव प्राण्यासारखे मिरवले. खाण्याच्या लायकीचे ते राहिलेले नाही हे उघडच, पण कुजलेलेही नाही.

विसाव्या शतकाने हा काळ आवळला. मिठाचे पाणी सुईने थेट मांडीच्या रक्तवाहिनीत सोडण्याची रीत कारखान्यांनी उचलली. महिन्यांचे काम दिवसांवर आले. पूर्वी सोरा वापरत. 1925 मध्ये अमेरिकी कृषिखात्याने सोडियम नायट्राइट थेट वापरायला परवानगी दिली आणि गुलाबी रंग हमखास मिळू लागला. जुन्या हॅममध्ये पाणी निघून जात असे, नव्यात ते भरले जाते. ठरावीक मर्यादेपलीकडे पाणी असले तर तसे वेष्टनावर छापणे अमेरिकी नियमाने आवश्यक आहे, ह्यातच सर्व आले. हे मऊ, ओलसर, आधीच शिजवलेले हॅम सोयीचे खरे, पण ते थंडाव्याबाहेर राहू शकत नाही. फ्रिजमध्येही उरलेले तीन-चार दिवसच धरायचे. 1952 साली डेट्रॉइटच्या हॅरी होन्सेलारला हाडाभोवती सलग गोल काप काढणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळाले. वाढण्याची खटपट वाचली, पण हवेला उघडे पडणारे अंगही कितीतरी वाढले. असे हॅम लवकर सुकते.

अशा पदार्थाला मग बर्फाचा आधार हवाच. क्लॅरेन्स बर्ड्‌सआय ह्याने 1912 नंतर लॅब्राडॉरमध्ये इनुइट लोकांचे मासे कडाक्याच्या थंडीत क्षणार्धात गोठताना पाहिले. 1930 साली मॅसॅच्युसेट्‌समधल्या स्प्रिंगफील्डच्या दुकानांत त्याची गोठवलेली पाकिटे विक्रीला आली. घरगुती फ्रीझर मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरच सर्वत्र पसरला.

आणि इथे खरी गंमत आहे. ताज्या डुकराच्या मांसाचा मोठा तुकडा फ्रीझरमध्ये 4 ते 12 महिने चांगला राहतो. शिजवलेले हॅम मात्र 1-2 महिनेच. दोष मिठाचा! मिठामुळे पाणी सहजी गोठत नाही, खारट द्रवाचे सूक्ष्म कप्पे तसेच राहतात, आणि मीठ चरबीच्या खवट होण्याला हातभार लावते. ते बाधत नाही, पण चव जाते. शिवाय भरलेल्या पाण्याचे स्फटिक तंतू फाडतात आणि वितळल्यावर हॅम स्पंजासारखे लागते. ज्या मिठाने मांसाला थंडीच्या उपकारातून सोडवले, तेच आता थंडीशी भांडते. म्हणून गोठवलेल्या हॅमचे काप तसेच खाऊ नयेत. तुकडे अंड्यात, बटाट्यात, रश्शात घालावेत, तिथे त्याचा चोथा कळत नाही.

(गोव्याने वेगळी वाट धरली. तिथल्या ख्रिस्ती स्वयंपाकघरात डुकराच्या मांसाची राखण माडाच्या व्हिनेगरकडे आली. सोरपोतेल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अधिक चांगले लागते, म्हणजे ते मुरते.)

राहिले हाड. गृहिणी ते फ्रीझरमध्ये जपते, कारण अमेरिकेच्या दक्षिणेत 1 जानेवारीला ‘हॉपिंग जॉन’ करतात : चवळी, तांदूळ आणि चवीला खारवलेल्या डुकराचा तुकडा किंवा हाड. चवळी मूळची आफ्रिकेची. भातशेतीचे ज्ञान असलेली पश्चिम आफ्रिकेतली माणसे गुलाम म्हणून कॅरोलिनात आणली गेली, त्यांच्या चुलीवरचे हे अन्न. 1847 साली सारा रटलेजच्या पाकपुस्तकात ते छापले गेले, तोवर मालकांच्या घरांतही ते पोचले होते. नाताळात मेजावर मांडी येते आणि आठवड्याने त्याच मेजावर, त्याच मांडीच्या हाडाभोवती, कधीकाळच्या शिध्याची चवळी शिजते. आठवडाभराच्या ह्या अवधीसाठीही हाड फ्रीझरमध्येच ठेवावे लागते. ते भिजवलेल्या चवळीबरोबर मंद आचेवर चढवायचे आणि मीठ शेवटी चाखूनच घालायचे.